बिल्ड युअर ओन स्टर-फ्राय: जावं का, आणि गेलात तर बाउल कसा भरायचा

उत्तर आधीच सांगून टाकते, भुकेल्या माणसापुढे पाल्हाळ नको. तुम्हाला एकदम फर्स्ट क्लास स्टर-फ्राय, म्हणजे कडक आचेवर झटपट परतलेलं जेवण, खायचं असेल तर आपला बाउल आपणच भरायच्या अशा ठिकाणी जाऊ नका, जिथे आत मोठ्या आचेवर वोक (खोलगट चिनी कढई) आहे आणि तो हलवणाऱ्याला कामाची सवय आहे अशा हॉटेलात जा आणि त्याच्या मेनूतलं काहीतरी मागवा. पण बरोबर चार जण आणि चौघांच्या चार तऱ्हा असतील, एक शाकाहारी, एकाला तिखट चालत नाही, एक प्रोटीन मोजत बसणारा आणि एक कांदा दिसला की नाक मुरडणारा, तर मग हीच जागा बरी, आणि पैसे वसूल होतात की नाही हे हॉटेलपेक्षा जास्त तुमच्या हातात असतं. बरेच लोक तिथे वाईट जेवण स्वतःच डिझाइन करतात आणि मग रिव्ह्यूमध्ये एक स्टार ठोकून मोकळे होतात.

प्रकार काय ते पटकन. कच्च्या भाज्या, पातळ कापलेलं मांस, टोफू, नूडल्स, सॉस असं सगळं मांडलेलं असतं, तुम्ही बाउल भरता, आचाऱ्याला देता, तो तुमच्यासमोर परतून देतो. यात तीन जाती आहेत आणि तिन्हींचे नियम वेगळे. एक म्हणजे भला मोठा गोल सपाट तवा, ज्याच्यावर एकाच वेळी आठ-दहा जणांचे ढीग शिजत असतात आणि आचारी लांब काठ्या नाहीतर उलथनी घेऊन तव्याभोवती फिरत असतो, याला मंगोलियन ग्रिल म्हणतात. दुसरी जात म्हणजे काउंटरवाली, तुम्ही बोट दाखवायचं, आतला माणूस मोजून घालणार आणि वोकमध्ये करून देणार. तिसरी वजनावरची, चिनी माला शियांग ग्वोची दुकानं असतात तशी, बाउल काट्यावर ठेवायचा, ग्रॅमचे पैसे, मग ते झणझणीत मसाल्यात परतून येतं.

मंगोलियन ग्रिलचा मंगोलियाशी संबंध नावापुरताच आहे बरं का. हा प्रकार तैवानमध्ये तैपेईला १९५१ मध्ये वू चाओ-नान नावाच्या माणसाने सुरू केला, मूळचा बीजिंगकडचा, तिथून तैवानला आलेला, आणि पुढे विनोदी कलाकार म्हणून नाव कमावलेला. त्याला बीजिंगचंच नाव द्यायचं होतं पण तेव्हाच्या राजकारणात ते अडचणीचं होतं, म्हणून मंगोलिया. अमेरिकेत या ग्रिलच्या चेन नंतर जोरात वाढल्या. हे सांगायचं कारण एवढंच की इथे 'ऑथेंटिक' वगैरे काही नसतं, त्यामुळे अननस घालू की नको असल्या संकोचात पडू नका, चव जमली की झालं.

आत गेल्यावर बाउल उचलायच्या आधी एक चक्कर मारा

रांगेत घुसून भरायला सुरुवात करायची घाई असते सगळ्यांना, ती करू नका. आधी नुसतं बघा. मांसाचे ट्रे खरंच थंड आहेत का, म्हणजे खाली बर्फ नाहीतर नीट चालणारी कूलिंग आहे का, की मांस कडेने काळपट पडून पाण्यात तरंगतंय. कच्चा माल ५ अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याखाली असायला हवा, तुम्ही थर्मामीटर घेऊन जाणार नाही हे मलाही कळतं, पण ट्रेच्या वर ढीग रचलेला असेल तर वरचा थर गारव्याच्या बाहेर असतो एवढं डोळ्यांना दिसतं. प्रत्येक ट्रेला वेगळा चिमटा आहे का तेही बघा, चिकनचा चिमटा कोबीत पडलेला दिसला तर माझ्या मते तिथून निघायला हरकत नाही. कापलेल्या भाज्यांच्या कडा सुकलेल्या असतील, मश्रूम चिकट झाले असतील, मोड आलेले मूग तपकिरी पडून वास मारत असतील, तर बाकी सजावट कितीही भारी असो, माल खपत नाहीये.

वेळ कुठली गाठायची हा नेहमीचा प्रश्न. गर्दीत माल ताजा येत राहतो पण तवा खचाखच भरतो आणि आचारी तुमच्या ढिगाकडे नीट बघत नाही, रिकाम्या वेळेत आचारी फुरसतीत असतो पण ट्रे कधीपासून उघडे आहेत देव जाणे. मला स्वतःला जेवणाची गर्दी सुरू होण्याच्या जरा आधीची वेळ पटते, उघडल्यावर अर्ध्या तासाने वगैरे, सगळं नुकतंच भरलेलं असतं आणि तवा पण मोकळा. सगळ्यात वाईट म्हणजे दुपारचं जेवण संपून संध्याकाळची गर्दी सुरू व्हायच्या मधला वेळ.

आणि हो, तवा बघा. त्यावर जळकी काळी खरपूड जमलेली आहे का, की आचारी दोन ऑर्डरच्या मध्ये पाणी टाकून खरवडून घेतोय. खरवडत नसेल तर आधीच्या माणसाचा गोड सॉस जळून तुमच्या जेवणाला कडू वास लागणार.

पैशाची पद्धत बघून मगच काय घ्यायचं ते ठरवा

खरी मेख इथे आहे आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत. एका बाउलचे ठरलेले पैसे असतील तर तुम्ही जागा विकत घेताय. वजनावर असेल तर ग्रॅम विकत घेताय. अनलिमिटेड असेल तर पोटातली जागा. तीच वस्तू एकीकडे शहाणपणाची आणि दुसरीकडे तोट्याची ठरते.

ठरलेल्या बाउलमध्ये पालक, कोबीची पानं, मोड हे सगळं फुगलेलं असतं, बाउल भरून जातो आणि तव्यावर दोन मिनिटांत मूठभर उरतं. म्हणून तिथे आधी मांस किंवा टोफू तळाला, गोठवून कापलेल्या मांसाच्या गुंडाळ्या असतात त्या जरा दाबून बसवायच्या, मग कडक भाज्या आणि पालेभाजी अगदी शेवटी वरून. नूडल्स बाउलमध्ये घेऊच नका जर आचारी वेगळ्या देत असेल तर, खूप ठिकाणी भात किंवा नूडल्स वेगळ्या आणि त्याच पैशात मिळतात, फक्त विचारावं लागतं.

वजनावर मात्र बरोब्बर उलटं. तिथे पालक आणि मांस एकाच भावाने तोललं जातं, म्हणजे पालक महाग पडतो असं वाटेल, पण पालकाला वजनच नसतं म्हणून खरं तर फारसा फरक पडत नाही, खरा फटका बसतो तो बटाटा, मक्याची कणसं, भिजवलेल्या जाड नूडल्स, हाडासकट तुकडे आणि कवचासकट कोळंबी यांचा, कारण तुम्ही पाणी, हाड आणि कवच मांसाच्या भावाने घेताय. सोललेली कोळंबी, पातळ मांस, सोयाच्या दुधाची वाळवलेली साय, पातळ मश्रूम हे घ्या, आणि भाजी चिमट्यात धरून पाणी निथळू द्या, हसू नका, ओल्या पालेभाजीबरोबर बरंच पाणी काट्यावर चढतं.

अनलिमिटेडमध्ये लोक पहिल्याच फेरीत डोंगर रचतात. कशाला? पुन्हा यायची सोय आहे ना. छोटे छोटे तीन बाउल करा, प्रत्येक वेगळ्या चवीचा, आणि पहिला मुद्दाम साधा ठेवा म्हणजे तवा कसा आहे, आचारी कसा आहे, सॉस किती खारट आहेत हे कळतं. महागड्या वस्तूच खाऊन हॉटेलला लुटायचं असला विचार करणारे पण असतात, त्यांनी तसं खुशाल करावं, पण नुसत्या मांसाचा बाउल दहा घासांनंतर कंटाळवाणा होतो हे पण लक्षात असू द्या.

पाणी हा खरा शत्रू

आता स्वयंपाकाचं बोलू. हे मोठे तवे साधारण ३०० अंशांपर्यंत तापतात, ऐकायला भरपूर वाटतं. पण पाणी १०० अंशांना उकळतं आणि अन्नाखाली पाणी साचलेलं असेपर्यंत तिथलं तापमान त्याच्या वर फारसं जात नाही. मांसाला जो खमंग तपकिरी रंग आणि वास येतो त्यासाठी साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणजे तुमचा ढीग ओला असेल तर तो परतला जात नाही, तो उकडला जातो, आणि मग 'मिळमिळीत होतं' म्हणून तक्रार आपलीच.

आणि ओलं कशाने होतं? सगळ्यानेच. मश्रूम, कोबी, मोड यात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी, झुकिनीत तर ९५. मांस अर्धवट गोठलेलं, ते वितळताना पाणी सोडणार. त्यात तुम्ही वर चार पळ्या सॉस ओतलेला. म्हणून माझा नियम सोपा आहे, पाणी सोडणाऱ्या वस्तूंपैकी कुठल्याही दोनच. मश्रूम आणि कोबी घेतले तर झुकिनी, टोमॅटो, मोड यांना सुट्टी. बाकीचं कोरडं आणि टणक घ्या, ढोबळी मिरची, कांदा, फरसबी, बेबी कॉर्न, पातीचा कांदा. टोफू घेणार असाल तर तळलेला किंवा घट्ट, मऊ टोफू तव्यावर भुगा होऊन जातो.

दुसरी भानगड म्हणजे सगळं एकदम पडतं. घरी आपण आधी गाजर टाकतो, मग बाकीचं, इथे बाउल उलटा केला की गाजर आणि पालक एकाच क्षणी तव्यावर. गाजर कच्चं राहणार आणि पालक नाहीसा होणार. तेव्हा एकाच वेळात शिजतील अशाच वस्तू एकत्र घ्या. दोन-तीन मिनिटांत होतील अशा पातळ कापांचा एक बाउल, बस. ब्रोकोलीचे मोठे तुरे असतील तर सोडून द्या किंवा त्यातले छोटे शोधून घ्या, जाड गाजराच्या चकत्या तर घेऊच नका, काडीसारखं कापलेलं गाजर असेल तरच. लोक रंग दिसावा म्हणून अकरा प्रकारच्या भाज्या घेतात, चव एकाचीही येत नाही. एक मांस किंवा टोफू, तीन भाज्या, एक वासाची वस्तू म्हणजे लसूण, आलं, पातीचा कांदा असं काहीतरी, एवढ्यात काम होतं. फार तर वरून शेंगदाणे, ते पण तव्यावरून उतरल्यावर.

बाउल दोन तृतीयांशच भरावा असं माझं प्रामाणिक मत, पण ठरलेले पैसे दिलेत तर हात आखडता घेणं जिवावर येतं हे समजू शकते. मग एक करा, भरा काठोकाठ, पण आचाऱ्याला सांगा की दोन भागांत टाक, आधी मांस, त्याला रंग आला की मग भाज्या. गर्दी नसेल तर करतात. मांसाला वेगळा छोटा बाउल मिळत असेल तर अजूनच सोपं, सांगावंच लागत नाही.

सॉस

इथे सगळ्यात जास्त बाउल मरतात. समोर पंधरा भांडी असतात, प्रत्येकाला पळी, आणि माणूस प्रत्येकातलं थोडं थोडं घेतो. पण नीट बघा, सोया, ऑयस्टर, तेरियाकी, होइसिन, ब्लॅक बीन, हे सगळे खारट. तेरियाकी, होइसिन, स्वीट चिली हे परत गोड. म्हणजे पाच सॉस घेतले तरी चवी दोनच, खारट आणि गोड, आणि दोन्ही अती. आंबट काहीच नाही. हॉटेलने स्वतः बनवलेल्या सॉसमध्ये बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर पण असतं, असे तीन एकत्र केले की चिकट गोळा.

मी असं करते: दोन पळ्या खारट बाजूचं काहीतरी पण एकाच जातीचं, एक पळी आंबट म्हणजे राइस व्हिनेगर नाहीतर लिंबूपाणी, अर्धी पळी गोड, आणि लसणाचं पाणी किंवा आल्याचं पाणी ठेवलेलं असेल तर ते एक पळी. हे लसूण-आल्याचं पाणी लोक बघतच नाहीत, त्यांना वाटतं काहीतरी हात धुवायचं असेल, पण वास त्यानेच येतो आणि मीठही वाढत नाही. तिखट आवडीप्रमाणे. भाजलेल्या तिळाचं तेल शेवटी काही थेंब, तव्यावर आधीच घातलं तर त्याचा वास उडून जातो.

पळी लहान असेल तर प्रमाण वाढवा, भिंतीवरच्या रेसिपीत सहा-आठ पळ्या लिहिलेल्या असतात ते अगदी खोटं नसतं, कारण सपाट तव्यावर सॉस पसरतो, आटतो, कडेने वाहून पण जातो, वोकसारखा तळाला साठून राहत नाही. पण म्हणूनच सॉस बाउलमध्ये अन्नावर ओतू नका, वेगळ्या छोट्या वाटीत घ्या. मग आचाऱ्याला सांगा शेवटच्या अर्ध्या मिनिटात घाल. हे एकच वाक्य बोललात तरी जेवणात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, खरंच. आधी कोरडं परतलं जातं, रंग येतो, आणि गोड सॉस जळत नाही. आणि वाटीतला सॉस आधी बोटाने चाखून बघता येतो, अन्नावर ओतल्यावर कसा चाखणार, तिथे कच्चं मांस असतं.

मिठाचं पण जरा ध्यानात ठेवा. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्राम सोडियम असतं, जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २००० मिलिग्रामच्या आत राहायला सांगते. एका पळीत असे दोन चमचे मावत असतील तर हिशेब तुम्हीच करा. 'एवढ्या भाज्या आहेत म्हणजे हेल्दी' हे म्हणणं इथेच गळून पडतं. बीपी असेल तर अर्धा सोया, उरलेलं लसणाचं पाणी आणि व्हिनेगर.

नूडल्सचं थोडक्यात. गव्हाच्या जाड नूडल्स तव्यावर टिकतात, तांदळाच्या तुटतात आणि चिकटतात, पारदर्शक काचेसारख्या असतात त्या सगळा सॉस पिऊन टाकतात. भात असेल तर बाजूला घ्या, वर ओतून खा, सॉस जास्त झाला असेल तर भात सांभाळून घेतो.

शाकाहारी आणि अ‍ॅलर्जीवाले, हे नीट वाचा

एकाच तव्यावर सगळ्यांचं शिजतं. शेजारच्या ढिगातली कोळंबी तुमच्या टोफूपासून वीतभर अंतरावर असते आणि उलथनं तेच. नुसतं आवडीने शाकाहारी असाल आणि एवढं चालत असेल तर ठीक, पण चालत नसेल तर सरळ विचारा, वेगळ्या वोकमध्ये किंवा पॅनमध्ये करून देता का. बरीच ठिकाणं देतात, फक्त स्वतःहून सांगत नाहीत. तव्याचा कोपरा धुऊन देतो म्हणाले तर ते तुमच्या समाधानासाठी, अ‍ॅलर्जीसाठी ते पुरेसं नाही. शेंगदाणे, तीळ, कोळंबी-खेकडे यांची जोरदार अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाने या प्रकारच्या जागेपासून लांबच राहावं असं मी म्हणेन, कारण चिमटे सुद्धा इकडचे तिकडे होतात, हॉटेल कितीही चांगलं असलं तरी गिऱ्हाईक करतात ते. ग्लूटेन टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. ऑयस्टर सॉस शिंपल्यांचा, फिश सॉस माशाचा, थाई करी पेस्टमध्ये पण पुष्कळदा कोळंबी असते, ती भाजीची दिसते म्हणून भाजीची नसते.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठी. ज्या बाउलमध्ये कच्चं मांस घेतलं त्यात परत शिजलेलं अन्न घ्यायचं नाही. आचारी नवी ताटली देतो का ते बघा, दुसऱ्या फेरीला तोच जुना बाउल घेऊन जाऊ नका, नवीन घ्या. चिकन आतून गुलाबी दिसलं तर लाजायचं नाही, परत तव्यावर टाकायला सांगायचं, चिकनला आतपर्यंत ७४ अंश लागतात. पातळ कापांना एवढं तापायला वेळ लागत नाही, पण तुकडे एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल तर मधलं कच्चं राहतं, म्हणून बाउलमध्ये भरताना गोठलेले गोळे असतील तर सुटे करून घ्या. मोड आलेले मूग सुद्धा नीट शिजू द्या, वरून कच्चे भुरभुरू नका.

घरी का नाही करायचं?

हा प्रश्न येतोच, आणि योग्य आहे. एक-दोन माणसांसाठी घरीच करा, थोडं थोडं परतलं तर घरच्या गॅसवर पण मस्त होतं. घरचा मोठा बर्नर साधारण ३ किलोवॅटचा असतो, हॉटेलातली वोकची भट्टी त्याच्या कितीतरी पट, म्हणून घरी एका वेळी एकाच माणसाचं करायचं. पण वोकच्या भट्टीतला तो धुरकट वास मंगोलियन ग्रिलच्या सपाट तव्यावर सुद्धा येत नाही, त्यामुळे त्या वासासाठी जात असाल तर काउंटरवालं वोकचं ठिकाण शोधा. बाहेर जाण्याचा खरा फायदा कापाकापीचा आहे. आठ वस्तू आणून, धुऊन, चिरून, प्रत्येकाची अर्धी उरून फ्रिजमध्ये सडणार, त्यापेक्षा तिथे मूठ मूठ घेतलेलं परवडतं. आणि पोरं. भाजीचं नाव काढलं की पळणारी पोरं स्वतः चिमट्याने निवडलेलं बहुतेक वेळा खातात, का ते माहीत नाही, पण खातात.

एकट्याने, पटकन, चांगलं जेवायचंय तर नका जाऊ. रांगेत दोनदा उभं राहायचं, एकदा भरायला आणि एकदा तव्यापाशी, आणि जेवण दहा मिनिटांत संपतं.

उरलं तर? अनलिमिटेडमध्ये पॅक करून देत नाहीत, भांडू नका. ठरलेल्या बाउलवाले देतात, घरी नेऊन लगेच फ्रिजमध्ये ठेवा, भात असेल तर जास्तच, शिजलेला भात बाहेर राहिला की त्यात जंतू वाढतात आणि त्यांचं विष नंतर गरम करूनही जात नाही. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, पॅन कडक तापवून थोड्या तेलावर पसरून परता, काल जे पाणी सुटलं होतं ते आटतं आणि कधीकधी हॉटेलपेक्षा बरं लागतं.